साल्वादोरचे दहा दिवस

दुबई विमानतळावर चेक-इन काउंटरवरच्या मुलीने हात पुढे केला तेव्हा युसुफ मुकादमने एकच पासपोर्ट दिला. तिच्या छातीवर 'दिया' असं नाव लावलेलं होतं. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्या मागे पाहिलं.

"सर, बुकिंग में दो नाम हैं. खैरुन्निसा मॅडम किधर हैं?"

"आ रही हैं," युसुफ म्हणाला.

आपण असं का म्हणालो हे त्याचं त्यालाच कळलं नाही. खैरुन्निसाला जाऊन चार महिने सहा दिवस झाले होते. तिला कबरीत उतरवताना डोक्याकडून त्यानेच धरलं होतं. तिचा व्हिसा रद्द करायच्या कागदावर सही त्याचीच होती. तिकिटाचं काम तेवढं फिझाने, त्याच्या मुलीने, अंगावर घेतलं होतं. "ते मी बघते अब्बा," असं ती म्हणाली होती आणि त्याने पुन्हा विचारलं नव्हतं.

आता खरं काय ते सांगायचं आणि एकट्याचं बोर्डिंग कार्ड घ्यायचं, एवढंच होतं. पण शब्द निघून गेला होता आणि मागे रांग होती. तो बॅग घेऊन बाजूला झाला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण दरवाज्याकडे तोंड करून बसलोय.

दियाने दोनदा हात केला. शेवटी उठून आली. "सर, काउंटर बंद हो रहा है. आप तो आ जाइए."

"वो आ जाए, फिर," युसुफ म्हणाला.

काउंटर बंद झाला. विमान साओ पाउलोला गेलं. तिथून पुढे साल्वादोरला जायचं दुसरं विमानही गेलं असणार. युसुफ खुर्चीवर बसून होता. त्याला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. भूक लागली आहे का, याचा त्याने विचार केला. तेही नीट कळेना.

साल्वादोर हे खैरुन्निसाचं खूळ. युसुफ दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर होता. बावीस वर्षं ब्राझीलच्या चिकनचे खोके मोजत होता. "बाराही महिने त्यांची कोंबडी खातो, एकदा त्यांच्या दारात जाऊन तर येऊ," असं ती म्हणायची. मग एक दिवस टॅबवर तिला साल्वादोरचा व्हिडिओ दिसला. पांढरे झगे घातलेल्या बायका रस्त्यात बसून चवळीचे वडे तळत होत्या आणि वडा फोडून आत सुकी कोलंबी भरत होत्या. खैरुन्निसाने व्हिडिओ थांबवला. "अहो, हे बघा! नारळ, कोलंबी, चवळी. ही तर आपली म्हसळ्याचीच माणसं झाली." त्यानंतर वर्षभर तिने दुसरं काही पाहिलं नाही. लग्नाला तीस वर्षं होतील तेव्हा जायचं ठरलं, फिझाने तिकिटं काढली. मार्चमध्ये ती गेली.

तरीही अब्बांनी जायचंच, असा हट्ट फिझाने धरला. त्यालाही कारण होतं. तिच्या जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसने तिला सिंगापूरची जागा देऊ केली होती. चांगली जागा होती, फिझा दोन वर्षं तिची वाट बघत होती. पुढच्या सोमवारपर्यंत, म्हणजे तो तिकडे असतानाच, हो-नाही कळवायचं होतं. अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये बापलेक दोघंच होते आणि बाप चार महिन्यांत एकदाही रडला नव्हता. फिझा त्याच्यावर गॅसवरच्या दुधासारखी नजर ठेवून असायची.

"दहा दिवस एकटे राहून दाखवा," ती म्हणाली होती. "आय मीन इट, अब्बा. तुम्ही ओके असलात तर मी जाईन. नाहीतर मी त्यांना नाही म्हणून सांगते. खलास."

युसुफला साल्वादोरचं काही नव्हतं. पण आपल्यापायी पोरीने सिंगापूर सोडायचं, हे त्याला नको होतं. एवढी एकच गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. म्हणून तो बॅग भरून निघाला होता. आणि आता दहा वाजता तो विमानतळावरच बसला होता. घरी परत जायची सोय नव्हती.

त्याने दत्तप्रसादला फोन लावला.

दत्तप्रसाद कुडाळचा. त्याच कोल्ड स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा आणि कंपनीच्या स्टाफ क्वार्टरमध्ये राहायचा. त्याचा रूममेट रजेवर गावी गेला होता, खाट रिकामी होती. युसुफ बॅग ओढत खोलीत आला तेव्हा दत्तप्रसाद कमरेला टॉवेल लावून कांदा चिरत होता.

"भाई, ब्राझीलात उतरलात की काय इतक्यात?"

युसुफने जे झालं ते सांगितलं. दत्तप्रसादने ऐकून घेतलं. कांद्याने त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते त्याने मनगटाने पुसलं.

"आणि फिझाला काय सांगणार?"

"पोचलो म्हणून सांगणार."

"खुळे झालात?"

"सोमवारपर्यंत. तिने होय म्हणून कळवलं की झालं."

"नि वॉचमनला? हजार लोक बघणार तुम्हाला."

"घरी रंग चाललाय म्हणून सांग."

दत्तप्रसादने कढईत कांदा टाकला. "बरं," तो म्हणाला. "पण ब्राझीलात राहून माझ्या हातचं खायला लागेल. नंतर तक्रार नको."

दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही, ही एक मोठी सोय झाली. फक्त आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. साल्वादोरचं घड्याळ सात तास मागे. युसुफने एका कागदावर वेळा लिहून कागद भिंतीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोलला, "फिझा, पोचलो बेटा. हॉटेल बरं आहे. उकडतंय." उकडतंय, हे खोटं नव्हतं. ऑगस्ट होता आणि खोलीतला एसी रडतखडत चालत होता.

फिझाचं उत्तर लगेच आलं. "थँक गॉड! काय काय पाहिलं? टेल मी एव्हरीथिंग."

काय सांगायचं? बॅगेत खैरुन्निसाचा टॅब होता, फिझानेच घातलेला. युसुफने चार महिन्यांत तो उघडला नव्हता. आता उघडावा लागला. तिने जमवलेले व्हिडिओ ओळीने होते, त्रेसष्ट. त्याने पहिला लावला. दत्तप्रसाद शिफ्टवरून आला तो त्याच्या शेजारी येऊन बसला.

व्हिडिओत एक शहर होतं. अर्धं खाली समुद्राकाठी आणि अर्धं वर टेकाडावर, आणि मधे एक मोठी लिफ्ट. लोक कामाला जाताना या गावातून त्या गावात लिफ्टने जात होते. वर गेलं की दगडी उताराच्या गल्ल्या, निळी-पिवळी-गुलाबी घरं. पोरं ढोल बडवत होती. ढोल इतके मोठे की वाजवणारा मागे दिसेना. बायका खिडक्यांतून वाकून हसत होत्या. सगळं गाव कुणाच्या तरी हळदीला निघाल्यासारखं.

"आयला," दत्तप्रसाद म्हणाला, "यांना कामधंदा नाय?"

युसुफने ते सगळं जसं दिसलं तसं फिझाला सांगितलं. लिफ्ट सांगितली, उतार सांगितला. आपला आवाज सपाट येतोय हे त्याला ऐकू येत होतं. पण तो एरवीही तसाच यायचा.

मग तो रोजचा क्रम झाला. सकाळी दत्तप्रसाद कामावर गेला की युसुफ खाटेवर बसून राहायचा. कधी कपडे धुवायचा. दोनला शिफ्ट सुटली की दत्तप्रसाद परत येई, चहा टाकी आणि मांडी घालून बसे. "यल्ला भाई, आज कुठं जायचं?" चौथ्या दिवशी तर तोच युसुफला चुका दाखवायला लागला. "नाय हो, ते निळं चर्च उताराच्या तळाला आहे. काल नाय का पाहिलं?"

एकदा वडे तळणाऱ्या बाईचा व्हिडिओ लागला. खैरुन्निसाने तो वडा घरी करून पाहिला होता, चवळीची सालं न काढता. वडे दगडासारखे झाले होते. दोघांनी निमूटपणे खाल्ले होते आणि ती म्हणाली होती, "तिकडे गेल्यावर त्या बाईला विचारायचंच, माझं कुठं चुकलं." युसुफला हे आठवलं. आठवलं, बस. पुढे काही झालं नाही. त्याने दत्तप्रसादला सांगितलंही नाही.

"वडे खाल्ले का?" फिझाने विचारलं होतं.

"खाल्ले," युसुफ फोनमध्ये बोलला. "वरून कुरकुरीत, आत मऊ. सालं काढून वाटतात."

शुक्रवारी चार वाजायला आले असताना त्याने सकाळचा निरोप पाठवला. आताच नाश्ता झाला, आता समुद्रावर चाललोय, इथे सकाळी पोरं वाळूत फुटबॉल खेळतात, वगैरे. चांगला दीड मिनिटाचा झाला. पाठवून तो हातपाय धुवायला गेला.

फिझाचं उत्तर रात्रीपर्यंत आलं नाही. मग आलं ते लिहून आलं, दोनच शब्द. "ओके अब्बा."

शनिवारी दुपारी दारावर थाप पडली. दत्तप्रसाद नुकताच आला होता, त्याने दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. बाहेर फिझा होती. गॉगल डोक्यावर, तोंड घामाने ओलं.

"दत्ताकाका, अब्बा आहेत ना?"

दत्तप्रसादने मागे वळून पाहिलं. खोली ती केवढी! युसुफ खाटेवर बनियनवर बसला होता. टॅबवर ढोल वाजत होते. त्याने ते बंद केले.

फिझा आत येऊन समोरच्या खाटेवर बसली. भिंतीवरचा वेळांचा कागद तिने वाचला.

"कसं कळलं?" युसुफने विचारलं.

"कालच्या मेसेजमध्ये मागे अजान आहे. पूर्ण. दुपारची, असरची." तिचा आवाज चढला. "सकाळी नऊला असरची अजान होते का अब्बा ब्राझीलमध्ये?"

युसुफला अजान आठवेना. म्हसळ्यात घराला लागून मशीद होती, इथे क्वार्टरच्या मागे. जन्मभर कानावर पडलेला आवाज, तो मुद्दाम ऐकू येत नाही.

"आणि दत्ताकाका सोडून तुम्ही जाणार कुणाकडे?"

"चहा टाकतो," दत्तप्रसाद म्हणाला आणि शेगडीकडे तोंड करून उभा राहिला.

"का नाही गेलात? भीती वाटली?"

"नाही. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मॅडम कुठे आहेत. मी म्हटलं, येतायत." युसुफने हात मांडीवर ठेवले. "मग मला उठता आलं नाही."

फिझा त्याच्याकडे बघत राहिली. तिचं तोंड हळूहळू बदललं.

"तिने का विचारलं?"

"दोन नावं होती म्हणाली."

फिझाने गॉगल काढला, हातात धरला. "मी कॅन्सल नाही केलं, अब्बा. तीनदा फोन लावला. ते विचारतात, रीझन काय. मला सांगताच आलं नाही. मग वाटलं, राहू दे, तुमच्या शेजारची सीट रिकामी जाईल, एवढंच. मी विचारच नाही केला की काउंटरवर..." ती थांबली. "आय डिड धिस टू यू."

"तू काही केलं नाहीस."

"मी नाही म्हणून सांगते सिंगापूरला. तुम्ही इथे दत्ताकाकांच्या खाटेवर बसलाय आणि मी तिकडे..."

"फोन लाव," युसुफ म्हणाला.

"कुणाला?"

"तिकीटवाल्यांना. लाव आणि मला दे."

तिने लावला. बटणं दाबून दाबून एकदाची पलीकडे बाई आली. युसुफने बुकिंग नंबर वाचून दाखवला, एकेक आकडा सुटा. जाताना दोघंही गेले नाहीत, खैरुन्निसाचं तिकीट रद्द करायचं, असं सांगितलं.

"खैरुन्निसा मॅडम का कॅन्सलेशन रीझन, सर?"

दत्तप्रसादने शेगडी बारीक केली. फिझा खाली फरशीकडे बघत होती.

"इंतकाल हो गया है," युसुफ म्हणाला. बाईला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून तो पुन्हा म्हणाला, "मेरी बीवी थी. अट्ठाईस मार्च को इंतकाल हो गया. वो नहीं आएगी."

"सॉरी टू हिअर दॅट, सर. और आपका? कॅन्सल या डेट चेंज?"

याचा त्याने विचार केला नव्हता. "अभी मालूम नहीं," तो म्हणाला. "अभी सिर्फ उनका."

बाईने सर्टिफिकेट कुठे पाठवायचं ते सांगितलं. फोन बंद झाला. युसुफने तो फिझाला परत दिला. त्याला रडू येईल असं त्या दोघांना वाटलं असावं, कारण दोघंही त्याच्याकडे बघत होते. त्याला रडू आलं नाही. भूक मात्र लागली आहे, हे त्याला कळलं.

"आता सिंगापूरला हो म्हणून कळव," तो म्हणाला.

"अब्बा, तुम्हाला एकट्याला जमलं नाही. यू कुडन्ट इव्हन बोर्ड द प्लेन."

"नाही जमलं. पण सहा दिवस राहिलो ना?"

"दत्ताकाकांबरोबर!"

"मग? दत्ता काय सिंगापूरला चाललाय?"

"मी कुठं चाललोय," दत्तप्रसाद चहाचे ग्लास घेऊन आला. "मेले कुडाळला जायला रजा देत नाहीत."

फिझाला हसू फुटलं आणि त्यातच ती रडायला लागली. युसुफ उठला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. डोक्यावर हात ठेवावा की पाठीवर, हे ठरेना, म्हणून त्याने चहाचा ग्लास तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"सोमवारी सांगते," ग्लास रिकामा करून ती म्हणाली. "हो म्हणून. पण रोज बोलायचं. खरं बोलायचं."

"बोलेन."

"आणि उठा, बॅग भरा. घरी चला."

युसुफने बॅग खाटेखालून ओढली. एका बाजूला धुतलेले कपडे होते, दुसऱ्या बाजूला जागा होती. त्याने टॅब उचलला तसा दत्तप्रसाद म्हणाला, "भाई, एकवीस व्हिडिओ राहिलेत. होडीतून समुद्रात तर गेलोच नाही अजून."

युसुफने टॅबकडे पाहिलं. मग तो दत्तप्रसादच्या खाटेवर ठेवला आणि चार्जर शोधायला लागला.

"शुक्रवारी येतो," तो म्हणाला. "तोवर एकटाच पुढे जाऊ नकोस."