आतून ओला कागद

थोरलीपुढे कुणाची मात्रा चालत नसे. बाजारचा कागद घरात येणार नाही म्हणजे नाही! दोघी बहिणींचा धंदा शुभेच्छापत्रांचा. धाकटी हाताने कागद करायची आणि थोरली त्यावर उन्हात फोटो छापायची. कागद कशाचा, तर शिंप्यांकडे उरलेल्या सुती चिंध्यांचा. झाड तोडायचं नाही, गटारात ब्लीच सोडायचं नाही, आणि ज्या दुकानात बायकांना अर्ध्या मजुरीवर राबवतात तिथली चिंधीसुद्धा उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. एकदा अशाच एका शिंप्याने पोतंभर चिंध्या फुकट आणून दिल्या, तर थोरलीने ते पोतं परत त्याच्याच स्कूटरवर चढवलं.

"ताई, अगं चिंध्यांनी काय घोडं मारलंय?" धाकटी म्हणाली.

"तू लगदा ढवळ," थोरली म्हणाली. विषय संपला.

वर्षभर कार्डांवर पानं, पक्षी, खिडक्या असायच्या. नव्या वर्षाला मात्र चाळीस कार्डं अशी निघत, जी विकायची नसत. त्यांवर भावाचा चेहरा. दोघींच्या मधला हा भाऊ अकरा वर्षांपूर्वी बोटीवर नोकरीला गेला, दोन पत्रं आली आणि मग काही म्हणता काही नाही. कार्डाच्या आत थोरली लिहायची, 'नव्या वर्षाच्या शुभेच्छा. हा आमचा भाऊ. कुठे दिसला तर कळवा.' बंदरांची ऑफिसं, खलाशांची वसतिगृहं, इस्पितळं, जिथला पत्ता मिळेल तिथे कार्ड जायचं. त्याचा म्हणून घरात एवढाच एक फोटो होता, आणि त्याचीही आता फक्त तळहाताएवढी निगेटिव्ह उरली होती. आई अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी ती एकच विचारायची, "टपाल आलं का गं?"

आणि या वर्षी टपाल आलं! दोन दिवसांच्या प्रवासावर असलेल्या एका इस्पितळातून. 'तुमच्या कार्डावरच्या माणसासारखा एक रुग्ण आमच्याकडे आहे. अर्धांगाने वाचा गेली आहे, कागदपत्रं नाहीत. कार्डाचा कागद खरबरीत असल्याने चेहरा नीट कळत नाही. स्पष्ट फोटो ताबडतोब पाठवावा. महिनाअखेर बेवारस रुग्ण दुसरीकडे हलवले जातील.'

आई भिंतीला धरून उठून बसली. सात महिन्यांत पहिल्यांदा. "माझा लेक आहे तो," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग धाकटीही रडायला लागली. थोरलीने डोळे पुसले आणि पदर खोचला.

बातमी गल्लीभर झाली. कोपऱ्यावरचे स्टुडिओवाले काका धावत आले. "निगेटिव्ह दे इकडे. चकचकीत कागदावर दहा मिनिटांत काढून देतो. भुवईचा केस न् केस दिसेल."

द्यावी ना मुकाट्याने? पण नाही. 'खरबरीत' हा शब्द थोरलीच्या जिव्हारी लागला होता. "आमच्याच कागदावर काढते," ती म्हणाली. "काचेसारखा गुळगुळीत करून दाखवते. त्याच्या फोटोला आजवर दुसरा कागद लागला नाही, आता कशाला?"

काका कपाळावर हात मारून निघून गेले.

धाकटीने चिंध्या तीनदा कुटल्या, लगदा लोण्यासारखा केला, पातळ ताव उचलला, त्याला खळ लावली, दाबला, घोटला. कागद खरंच सुरेख झाला. एरवी तो चार दिवस वाळवायचा, पण आभाळ भरून आलेलं आणि महिना संपत आलेला. तिसऱ्या दिवशी थोरलीने अंधाऱ्या खोलीत कागदाला फोटोचं द्रावण लावलं, आणि सकाळी अचानक ऊन पडलं.

धाकटीने ताव गालाला लावून पाहिला. त्यांची ती रीतच होती; बोटांना जे कळत नाही ते गालाला कळतं. "ताई, गार लागतोय. आतून ओला आहे."

"ऊन जाईल."

"अगं पण निगेटिव्ह चिकटेल!"

"मला शिकवू नकोस!"

थोरलीने कागदावर निगेटिव्ह ठेवली, वर काच ठेवली, चौकटीचे स्क्रू आवळले आणि चौकट गच्चीवर उन्हात ठेवली. थोड्याच वेळात काचेला आतून वाफ धरली. तिने घाईघाईने स्क्रू सोडले, पण निगेटिव्हचा थर मऊ होऊन कागदाला पक्का बसला होता. सोडवायला गेली तर साय निघावी तसा तो थर निघून आला, आणि चेहरा चुरगळून गेला. हातात नुसती कोरी फिल्म राहिली.

धाकटीने स्क्रू गोळा केले आणि चौकट उचलून आत नेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरली गच्चीवर मटकन खाली बसली. आपण काय केलं हे तिला पुरतं कळत होतं.

आईला तिने सांगितलं, "मीच जाऊन घेऊन येते त्याला." आई हसली. ते हसणं बघून थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती इस्पितळात पोचली तेव्हा महिन्याचा शेवटचा दिवस होता. नर्सने तिला खाटेशी नेलं. पांढरी दाढी, एका बाजूला ओघळलेलं तोंड, हाडांवर ताणलेली कातडी. थोरली बघत राहिली. मग तिने डोळे मिटले आणि भावाचा चेहरा आठवून पाहिला. आठवलं ते कार्ड. डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग, नाकाच्या जागी कागदाचा दाणा. चारशेच्या वर वेळा तिने तो चेहरा छापला होता, आणि तेवढ्या वेळात खरा चेहरा कधी पुसला गेला ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"अंगावर काही खूण?" नर्सने विचारलं.

"नाही हो. काहीच नव्हती." ती वाकली. "चिमण्या... अरे, मी ताई."

त्याने मान वळवली. थोरली आणखी जवळ वाकली.

"तो सगळ्यांकडेच बघतो," नर्स म्हणाली. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकलं, आणि त्याने तिकडेही मान वळवली, अगदी तश्शीच.

"बाई, खाली गाडी उभी आहे. भाऊच आहे ना? इथे सही करा."

"चार दिवस थांबाल? आईला घेऊन येते, ती ओळखेल..."

"गाडी थांबत नाही. आणि चार ठिकाणी वाटतात, कोण कुठे जाईल ते आम्हालाही सांगत नाहीत. हो की नाही, तेवढं सांगा."

हो म्हणावं, तर परका माणूस आईच्या पदरात टाकायचा, आणि खरा कुठे असेल त्याचा शोध कायमचा थांबवायचा. नाही म्हणावं, आणि हाच तो असला तर? आयुष्यात तिने खोटी सही केली नव्हती. आज करावीशी वाटली, मनापासून वाटली, पण हात उचलेना.

"मला... नाही सांगता येत," ती म्हणाली.

नर्सने सुस्कारा टाकला आणि कागदावर लिहिलं, 'ओळख पटली नाही.' दोघा वॉर्डबॉयनी त्याला चादरीसकट उचलून ढकलगाडीवर ठेवलं.

थोरली त्या गाडीबरोबर जिन्यापर्यंत चालत गेली. वाटभर ती त्याच्या भुवया, कान, कपाळ, हनुवटी पाठ करत होती, घरी गेल्यावर आईला नीट सांगता यावं म्हणून.