बोलायचा दगड

वरच्या आणि खालच्या गल्लीत महिनाभर दगडफेक चालली, तेव्हा समेट घडवायला एका संस्थेच्या मॅडम आल्या. शाळेच्या वर्गात त्यांनी दोन्ही गल्ल्यांना गोल बसवलं आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची. ज्याच्या हातात हा असेल, तोच बोलणार." आणि पर्समधून त्यांनी एक गुळगुळीत दगड काढला.

खालच्या गल्लीतल्या शिंपीण मावशींनी कपाळाला हात लावला, तोही जखमेचे टाके चुकवून. देव अक्कल वाटत होता, तेव्हा ही बाई बहुतेक दगड निवडत बसली होती.

"मावशी, तुम्ही सुरुवात करा. मन मोकळं करा."

सांगायचं काय, डोंबल? दुकानाची काच फुटली, कपाळ फुटलं, हे समोरच्यांना तोंडपाठ होतं. फोडणारे तेच होते. त्यांचीही डोकी इकडच्यांनी फोडली होतीच. मावशींनी दगड घेतला आणि डोळ्यांवर आलेले केस सारायला तोच हात वर केला.

दोन्ही गल्ल्या डोकं धरून एकदम खाली वाकल्या.

मॅडम तेवढ्या ताठ बसून हसत राहिल्या. एकदा तरी डोकं फुटलं असतं, तर त्याही वाकल्या असत्या.