वृश्चिकेच्या सोळाव्या अंशाची चिठ्ठी

जुनी आहे मी, हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो. मागाहून कोणी माझं वय काढू नये. तळहातात मावेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा, कडा पिवळ्या पडलेल्या, एक कोपरा दुमडलेला. माथ्यावर लिहिलं आहे ‘वृश्चिक १६’ आणि त्याखाली एक ओळ. पाठीवर दुसरी. दोन ओळींच्या पुढे मी शिकले नाही. पण ज्यांना पुस्तकंच्या पुस्तकं येतात त्यांनी काय दिवे लावले, तेही मी पाहिलं आहे.

आम्ही तीनशे साठ बहिणी. बारा राशी, एकेका राशीचे तीस अंश आणि प्रत्येक अंशाचं एक चित्र. माणूस जन्मला तेव्हा सूर्य ज्या अंशावर होता, त्या अंशाचं चित्र त्या माणसाचं. एवढाच आमचा व्यवहार. ऐकायला सोपा आहे. सोप्या गोष्टींतच माणसं जास्त चुकतात.

माझा जन्म सॅन दिएगोला, मिस फार्नमच्या व्हरांड्यात झाला. समोर लिंबाची बाग, खाली उतारावर पोर्तुगीज कोळ्यांची घरं आणि त्यांच्याही खाली बंदर. मिस फार्नम शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, ग्रहांचा नाद लागलेली. टिल्डा तिच्याकडे इस्त्री करायला येई. टिल्डाला डोळे मिटले की चित्रं दिसत. मिस फार्नम कोऱ्या चिठ्ठ्या पिसायची, आकडा खाली जाईल अशी एकेक पालथी ठेवायची आणि टिल्डा इस्त्री बाजूला करून दिसेल ते सांगायची. कोणता अंश आहे, हे दोघींनाही ठाऊक नसे. तीन दिवसांत तीनशे साठ चित्रं झाली. एका बहिणीला पिसारा फुलवलेला मोर मिळाला, एकीला पंगतीत वाढणारी नवरी, एकीला बर्फातून वर आलेला कोंब.

माझी पाळी तिसऱ्या दिवशी दुपारी आली. टिल्डाची दाढ ठणकत होती आणि एक कॉलर तिच्या हातून नुकती जळली होती. ती म्हणाली, “होडी. रिकामी. वल्ही आत ठेवलेली.” आणि पुन्हा इस्त्रीकडे वळली.

मोर नाही तर नाही. मला माझ्या होडीचा अभिमान होता. पहिल्या वर्षी मी एका म्हाताऱ्या माळ्याच्या वाट्याला आले. त्याने ओळ ऐकली आणि तो खुशीत हसला. “म्हणजे माणूस घरी जेवायला गेलाय,” म्हणाला. “माझंही काम झालं आता.” किती तरी वेळ त्याने मला बोटांत धरून ठेवलं होतं. तसं मला पुन्हा कोणी धरलं नाही.

कारण पुढे लाल शाई आली. लोकच म्हणू लागले, “बाई, गोड गोड झालं, वाईट काय ते सांगा.” लोकांना भीती लागते, मित्रांनो. फुकट मिळाली तरी आणखी वाढा म्हणतात. मग एका हिवाळ्यात मिस फार्नम बसली आणि तिने आम्हा सगळ्यांच्या पाठीवर ‘कठीण बाजू’ लिहून काढली. टिल्डा तेव्हा लेकीकडे राहायला गेली होती. तिला कोणी विचारलं नाही. पोटावरची ओळ टिल्डाची, पाठीवरची मास्तरणीची. माझ्या पाठीवर आलं: ‘सुटून गेलेली होडी. माणूस परतत नाही.’ शाई वाळेपर्यंत माझ्या अंगावरचा काटा गेला नाही. होडी मी निमूट सांभाळली होती. त्या होडीत आता मेलेला माणूस घेऊन बसायचं होतं.

तेव्हापासून पेटीचं झाकण उघडलं की माझा जीव टांगणीला लागे. बोटं मकर-कुंभाकडे गेली की सुटले म्हणायचं. वृश्चिकेकडे आली की प्राण कंठाशी.

आणि एका मंगळवारी सकाळी ती आली. झुलमिरा तिचं नाव. कडेवर तान्ही मुलगी, हातात पिशवी. लिंबं घ्यायला जाते असं सांगून ती घरातून निघाली होती. कारण आमच्यासारख्यांकडे गेलेलं तिच्या पाद्रींना खपत नसे. तिचा नवरा एव्हारिस्तो ‘सांता ब्रिजिदा’ बोटीवर होता. गुरुवारी दुपारी बोट दक्षिणेच्या समुद्रात कुपा मासा, म्हणजे ट्यूना, धरायला निघणार होती. चाळीस दिवस. मुलगी झाल्यावरची त्याची ही पहिली फेरी.

मिस फार्नमने पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि वहीत लिहिलं: एव्हारिस्तोचा सूर्य, वृश्चिकेत सोळा अंश चाळीस कला.

आता नीट ऐका. सोळा वर्षं पूर्ण झाली की तुम्हाला सतरावं लागतं ना? अंशांचंही तसंच. साठ कलांचा एक अंश. सोळा पूर्ण होऊन वर चाळीस कला झाल्या, म्हणजे सतरावा अंश चालू. चिठ्ठी सतरावी काढायची. हे मिस फार्नमनेच दहा जणांना शिकवलं होतं. पण तान्ही मुलगी रडत होती, पिंजऱ्यातली कॅनरी ओरडत होती आणि मास्तरणीला आपण किती झटपट सांगतो ते दाखवायचं होतं. तिने सोळा वाचलं आणि मला उचललं.

नाही, नाही, माझी शेजारीण घे! मी किती ओरडले असेन. पण पुठ्ठ्याचा आवाज कोण ऐकतो?

होडीची ओळ ऐकून झुलमिराने मुलीला छातीशी घट्ट धरलं. “मागे लाल काय आहे?” तिने विचारलं.

“ती कठीण बाजू. घाबरायला नसते ती. सावध राहायला असते.”

“वाचा ना, बाई.”

मिस फार्नम नको म्हणू शकली असती. तिने मला उलटं केलं आणि वाचलं. शाळेत धडा वाचावा तसं, स्पष्ट. झुलमिरा उठली. पायऱ्या उतरून गेली. लिंबांची पिशवी खुर्चीवरच राहिली.

त्या बुधवारी काय झालं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गुरुवारी सकाळी मिस फार्नम वही घेऊन चिठ्ठ्या जागेवर लावत होती. तिचं बोट ‘चाळीस कला’वर थांबलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिने बोटांवर अंश पुन्हा मोजले.

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. तिने मला पेटीत सरकवलं असतं, तर जगात कोणाला कळलं नसतं. मास्तरणीने जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केलेल्या. स्वतःची चूक चारचौघांत सांगायची म्हणजे काय, याची तिला सवय नव्हती. हात पेटीपर्यंत गेलाही. मग तिने मला आणि सतरावीला पर्समध्ये टाकलं आणि वाकडी टोपी तशीच ठेवून ती उतार उतरू लागली. बारा वाजायला आले होते. पाद्रींचा आशीर्वाद झाला की बोट सुटणार.

बंदरावर सगळी वस्ती जमली होती. बायकांच्या हातांत गोड पावाच्या टोपल्या होत्या. सगळ्यांत पुढे काळ्या पोशाखात एर्मिनिया उभी होती, एव्हारिस्तोची आई. तिच्या जिभेला सगळं बंदर वचकून होतं. मला ती पाहताक्षणी आवडली.

“या, मास्तरीणबाई! लिंबं विकायला बंदरावर?”

“मी तुमच्या सुनेकडे आले आहे. माझ्याकडून चूक झाली.”

“झुलमिरा! तू हिच्याकडे गेली होतीस?”

“आई, हळू बोला ना.”

“हळू? साठ वर्षं मोठ्याने बोलतेय, आता हळू कुठून शिकू?”

मिस फार्नमने आम्हा दोघींना बाहेर काढलं. तिने आम्हाला झुलमिरासमोर धरलं. “झुलमिरा, मी एक अंश चुकले. होडी तुमच्या नवऱ्याची नाही. दुसऱ्याच कोणाचं चित्र मी तुमच्या हातात दिलं. मला माफ करा.”

झुलमिराचा चेहरा खुलेल असं मला वाटलं होतं. तो आणखी पांढरा पडला.

“मग माझ्या मुलाचं कोणतं?” एर्मिनियाने विचारलं.

“‘एक बाई उंबऱ्यात बसून कांदे सोलते आहे.’”

एर्मिनिया इतकी हसली की टोपलीतला पाव खाली पडला. “एवढा ताडमाड मुलगा, समुद्राला दम देणारा, आणि त्याच्या नशिबात कांदे!” आजूबाजूचेही हसले. सतरावी माझ्या शेजारी अंग चोरून बसली. एरवी कायम नाकाने कांदे सोलणारी!

“हिच्याही मागे लाल आहे का?”

“आहे.”

“सगळ्यांच्याच?”

“तीनशे साठांच्याही.”

“माझ्याही? पाद्रींच्याही?”

मिस फार्नमने मान खाली घातली. “हो.”

“मग झालं की! सगळ्या जगाच्या पाठीला लाल शाई लागलीय, आणि माझी सूनच तेवढी दोन दिवस जेवली नाही. वाचा आता, कांद्यांच्या मागे काय आहे ते.”

“‘रडण्याचं खरं कारण सांगत नाही.’”

आता कोणी हसलं नाही. झुलमिरा रडत होती. सकाळपासूनच रडत होती म्हणे. निरोपाला सगळ्याच रडतात म्हणून कोणी विचारलं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली. “बूट.”

“कसले बूट?”

“त्याचे गमबूट. मी कापलेत. काल दुपारी, मासे साफ करायच्या सुरीने, आतून घोट्यापाशी. आज निघताना तो पायात चढवेल, फाटलेले दिसतील, नवे मिळेपर्यंत बोट निघून जाईल, असं वाटलं. पण त्याने संध्याकाळीच पिशवी भरली. बूट बोटीवर गेले. मला बोलायला तोंडच उघडेना.”

कुपा मासा धरणारी माणसं बोटीच्या बाहेर टांगलेल्या लोखंडी जाळीवर उभी राहतात. गुडघाभर पाणी, खाली शार्क, हातात बांबूचा गळ. तिथे बुटात पाणी भरलं की पाय शिशाचा होतो. हे त्या बंदरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी तेव्हाच शिकले. माझ्या पाठीवरची ओळ खोटी होती. दोन दिवसांत ती खरी व्हायला आली होती आणि तिला खरी करणारी सुरी घरचीच होती.

एर्मिनियाने हात उचलला. आता थोबाडीत बसणार, असं सगळ्यांना वाटलं. तिने सुनेच्या कडेवरून नात घेतली. “जा. कापलेस तू, सांगायचं तूच. ही मास्तरीण गोरीमोरी होऊन इथवर आली ना? तुला चार पावलं जड नाहीत.”

झुलमिरा फळीवरून बोटीवर गेली. एव्हारिस्तोने पिशवीतून बूट काढला, आत हात घातला. चिरेतून त्याचं बोट बाहेर आलं. तो त्या बोटाकडे पाहत राहिला.

“घालायच्या आधी दिसलंच असतं मला,” तो म्हणाला.

ते खोटं होतं. मासा आला की बूट कोण बघतं?

“मला सांगायचं होतंस, झुलमिरा.”

“सांगितलं असतं तर हसला असतास.”

“हसलो असतो. आणि गेलो असतो.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

आता तो हसला नाही. इंजिन सांभाळणाऱ्या माणसाला जाळीवर उभं राहावं लागत नसे. त्याने आपले बूट काढून दिले. एक माप मोठे होते, तीन मोजे घातल्यावर बसले. पाद्रींनी पाणी शिंपडलं आणि बोट सुटली. कापलेले बूट धक्क्यावर राहिले. त्यांना कोणी हात लावेना, तेव्हा मिस फार्नमने ते उचलले.

तो परत आला का, असं विचारताय ना? विचारा. मीही त्रेचाळीस दिवस तेच विचारत पेटीत पडून होते. त्रेचाळीस दिवस, चाळीस नव्हे. त्या वरच्या तीन दिवसांत एर्मिनिया रोज व्हरांड्यात येऊन बसे. एक शब्द न बोलणारी एर्मिनिया पाहिली आणि माझा उरलासुरला धीर सुटला. चौथ्या दिवशी बोट आली. एव्हारिस्तो उतरला, मोठे बूट फटफट वाजवत. पण झुलमिरा त्यानंतर प्रत्येक फेरीआधी त्याचे बूट उलटे करून चाचपत असे. भीती घरात शिरते एका क्षणात, आणि जाताना निम्मं सामान मागे ठेवून जाते.

“ती लाल ओळ खोडून टाका,” एर्मिनियाने एकदा सांगितलं.

“खोडलेलं लोक जास्त वाचतात,” मिस फार्नम म्हणाली. तिने ओळ राहू दिली. पण ते कापलेले बूट तिने विचारायला येणाऱ्यांच्या खुर्चीशेजारी ठेवले. चिठ्ठी काढण्याआधी ती अंश दोनदा मोजी, आणि कोणी लाल ओळ मागितलीच तर आधी त्याला बुटातली चीर दाखवी. निम्मे लोक तिथूनच घरी जात.

मिस फार्नम वारल्यावर पेटी हातोहात फिरली. आता मी एका कपाटात असते, कुबट वासात. वर्षाकाठी कोणीतरी हौशी येतो, मला काढतो, उलटतो आणि “बाप रे!” म्हणतो. मग मित्राच्या नावे माझं छायाचित्र पाठवून हसतो. ज्याला पाठवलं तो हसला की नाही, हे बघायला कोणी जात नाही. मी मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ असते. त्याच्या घरात सुरी आहेच की.

मित्रांनो, मी अडाणी. तुम्हाला ग्रहताऱ्यांतलं काय शिकवणार? चित्रं बघा, वाचा, हवं तर मानाही. पण मोजताना घाई करू नका. आणि कोणाला भीतीचं काही सांगितलंतच, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन या. मिस फार्नम तिसऱ्या दिवशी गेली. तोवर बूट कापून झाले होते.