धनेशचं 'नको'

चाकणजवळच्या गतिमंद प्रौढांच्या वसतिगृहात तेजल काळजीवाहक होती. तिशीतला धनेश पुढे येईल ते मुकाट्याने गिळायचा, मग तोंड का भाजेना. तेजलने त्याला हात आडवा धरून 'नको' म्हणायला शिकवलं. त्यात अख्खा हिवाळा गेला. तो नको म्हणाला की ती चमचा लगेच खाली ठेवायची, आपल्या शब्दाला किंमत आहे हे त्याला कळावं म्हणून.

उन्हाळ्यात एका कंपनीचे साहेब केक घेऊन आले. फोटोसाठी त्यांनी धनेशच्या तोंडापुढे तुकडा धरला. धनेशने हात आडवा केला.

"नको."

साहेबांनी हसत पुन्हा तुकडा पुढे केला.

"साहेब, राहू द्या, त्याला नकोय," तेजल बोलून गेली.

पाहुणे गेल्यावर व्यवस्थापिका विजयश्री मॅडम कडाडल्या, "देणगीदारांसमोर हे शिकवायला ठेवलंय तुला?"

"मॅडम, उद्या कुणी त्याच्या अंगाला हात लावला, तर तो काय म्हणणार?"

"उद्यापासून तू स्वयंपाकघरात."

धनेशला भरवायला दुसरी बाई आली. तिच्या वाट्याला बरेच जण होते, थांबायला सवड कुठली? तो नको म्हणायचा, ती घास कोंबायची. पोळ्या लाटताना तेजलला त्याचा आवाज ऐकू यायचा. हळूहळू तो बंद झाला.

दिवाळीत साहेब पुन्हा आले, तेव्हा धनेशने आपणहून आ केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"किती शहाणा झालाय!" मॅडम म्हणाल्या.

भज्यांची परात घेऊन उभ्या असलेल्या तेजलकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.