घरच्या माणसाचं माप

शिवणकामात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक दारात दिसलं की छाती, खांदा, कंबर ती नजरेनेच सांगायची. पण धाकट्या भावाच्या आजारपणापासून तिने त्याच्या अंगाला टेप लावली नव्हती. आजाऱ्याचं माप घेऊ नये, ते शेवटचं ठरतं, असं तिला शिकवणाऱ्या मास्तरांनी बजावलं होतं. एरवी ताई असल्या गोष्टींना भीक घालत नसे. भावाच्या बाबतीत मात्र विषाची परीक्षा कोण घेणार?

त्याला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा अस्थिमज्जा तिचीच जुळली. तिने दिली, तो वाचला. "आता माझंच रक्त आहे तुझ्यात, उलट बोललास तर खबरदार," असं ती चिडवायची. तो पुन्हा घड्याळं दुरुस्त करायला जाऊ लागला. ताई डबा भरून द्यायची आणि तो चाटूनपुसून रिकामा यायचा. रात्री मात्र भूक नाही म्हणून तो नुसतं दूध प्यायचा. जुन्या मापाचे शर्ट अंगावर लोंबू लागले, तेव्हा ताईने दोष कापडाला दिला. एवढी हुशार बाई, पण बघायचंच नसलं की डोळे असून काय उपयोग!

एका दुपारी कामावर त्याला पाण्याचा घोटही उतरेना. ताई दवाखान्यात पोचली तर बाहेर त्याचा कामावरचा सोबती, सगळे ज्याला जाड्या म्हणत तो, मान खाली घालून उभा. त्याच्या शर्टाची बटणं ताणली होती.

"ताई, डबा मी खात होतो," तो म्हणाला. "त्याला घास गिळवत नव्हता. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्याने."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. ताईच्या पेशी भावाच्या शरीराला परकं समजत होत्या. अन्ननलिकेत व्रण पडून ती आकसली होती. वेळेवर आला असता तर औषधांनी, अन्ननलिका रुंद करून निभावलं असतं. आज रुंद करायला गेले तर ती फाटू लागली. आता पोटात नळी घालून अन्न द्यायचं. तोंडाने बहुधा कधीच नाही. आणि तो इतका खंगलाय, की किती दिवस काढेल ते सांगवत नाही.

"त्याला हे माहीत होतं?"

"घास अडकतो म्हणून आला, त्या पहिल्याच तपासणीत सांगितलं होतं. नंतर तो आलाच नाही."

भाऊ उशाशी वाडगं धरून लाळ थुंकत होता. तीही गिळता येत नव्हती.

"का रे नाही सांगितलंस?"

"तुझंच देणं मला खातंय, हे कुठल्या तोंडाने सांगू? रिकामा डबा बघून किती खूश व्हायचीस तू."

ताई रडली. इतकी, की तोच तिची समजूत काढू लागला.

"पोटाशी सैल असलेला शर्ट लागेल म्हणाली नर्स. नळीला घासायला नको. शिवशील?"

"शिवते. तुझं जुनं माप आहे माझ्याकडे."

"जुन्या मापाचा नको, ताई."

मास्तरांचं बोलणं त्यालाही ठाऊक होतं. तरी त्याने हात वर केले. ताईने पर्समधून टेप काढून त्याच्या छातीभोवती फिरवली. उरलेली टेप हातातून खाली लोंबत राहिली.

"किती भरली?"

ताईने जुना आकडा सांगितला. कंबर मोजायची राहिली होती, म्हणून तो हात तसेच वर धरून बसला.