डिस्चार्ज

रुख्माबाईंनी डब्यासोबत आलेली मिठाची पुडी आजही उघडली नाही. खिडकीत ठेवली आणि अळणी वरणात पोळी कुस्करली. धंतोलीतल्या या दवाखान्यात मीठ बंद होते ते पलंगावरच्या शालिकरामचे, त्यांच्या नवऱ्याचे.

"डॉक्टरनं मले मना केलं," ते म्हणाले. "तू काहून अळणी खाऊन राहिली?"

"तुम्हाले सोबत."

त्यांनी खिडकीतल्या पुडीकडे एकदा पाहिले आणि कूस बदलली.

घरी त्या सगळ्यांच्या मागून जेवत, म्हणून हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्यांचा मुलगा पंकज पतसंस्थेत कारकून. तिथल्या खोट्या कर्जांच्या कागदांवर त्याचीही सही निघाली, केस झाली, आणि त्या रात्री रुख्माबाईंनी देवापुढे मीठ सोडले. पोरगा सुटेपर्यंत. शालिकरामनी मुलाशी बोलणे सोडले.

आज केस पुढे चालवायची की नाही, हे कोर्ट ठरवणार होते.

फोन वाजला. सून होती, प्रणाली. रडत होती.

"आई, यांचा डिस्चार्ज झाला!"

रुख्माबाई उष्ट्या हातानेच उभ्या राहिल्या. "कोणत्या दवाखान्यातून वं? काय झालं त्याले? कोर्टात चक्कर आली का?"

"दवाखाना नाही हो आई!" प्रणाली रडता रडता हसायला लागली. "कोर्टातबी डिस्चार्ज म्हणतात. यांच्याविरुद्ध पुरावाच नाही म्हणाले जजसाहेब. सोडलं यांना. केसमधून नावच काढलं."

त्यांनी फोन ठेवला. त्या तशाच पलंगाच्या कडेला टेकल्या.

"डिस्चार्ज झाला म्हणते," त्या हळूच म्हणाल्या.

"आयकलं. बरं आहे त्याचं. इथं तर पहिले बिल द्या लागते."

मग सलाइन नसलेला हात लांब करून शालिकरामनी खिडकीतली पुडी घेतली, दातांनी फाडली आणि बायकोच्या वरणावर धरली.

"घे आता. फिटला ना नवस?"

रुख्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. ते पुडी झटकण्यात गुंतले होते.

"अन् त्याले फोन लाव. घरी नको जाऊ म्हणा, पहिले इकडं ये."

रुख्माबाईंनी वरणावरचे चिमूटभर मीठ कपाळाला लावले, डोळे मिटले आणि घास घेतला.

"खारट झालं का वं?"

पुडी अख्खी रिकामी झाली होती.

"नाही," त्या म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला. "बरोबर आहे."