आज दादाची पाळी

भांडी कोणी घासायची यावरून घरात रोज महाभारत व्हायचं, म्हणून मी सी भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. नावांची गोल यादी: दादा, ताई, बाबा, मी. प्रत्येक नाव पुढच्याकडे बोट दाखवतं आणि शेवटचं पुन्हा पहिल्याकडे.

गेल्या महिन्यात दादा माझ्याशी भांडून वेगळा राहायला गेला. मी तणतणत त्याचं नाव काढलं आणि यादी ताईपासून सुरू केली. तरीही माझी पाळी झाली की दुसऱ्या दिवशी पडद्यावर हजर: ‘आज दादा’!

चारदा कोड वाचला. काढून टाकलेला माणूस परत येतो कुठून?

कॉलेजात हेच शिकवणारी ताई मागून डोकावली. “अगं, पहिल्याला काढलंस, पण शेवटच्याला कुठे सांगितलंस? ते अजून त्याच्याकडेच बोट दाखवतंय.”

“शेवटचं कोण?” मी खेकसले.

ताईने पडद्यावरच्या यादीतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं: ‘मी’.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती लिहायची सोडून मी फोन उचलला.

“दादा, आज तुझी पाळी आहे. भांडी तशीच पडलीयेत.”